दहा घोड्यांचा गारवा

वादी कबीर. जून. दुपारचे सव्वातीन.
पाने आम्ही पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवतो,
नाहीतर हाताला चिकटतात.
हे घरी फोनवर सांगितलं तर हसतात.

हमूद बिन सैफ गाडी घेऊन आले.
चौऱ्याहत्तरची मर्सिडीज, चार सिलिंडर,
रंग खजुराच्या बीसारखा.
कागदावर एकशे दहा घोडे.
पन्नास वर्षांत त्यातले किती मेले, किती नुसते उभे आहेत,
कोण मोजतंय.

बॉनेट उघडलं.
इंजिनच्या कुशीला जुन्या धाटणीचा कॉम्प्रेसर, बिडाचा,
बकरीदच्या बोकडासारखा दोघांनी उचलायचा.
बटण दाबलं की टक्,
क्लच धरतो
आणि गाडी खांदा पाडते.
मीटर लावला. साडेआठशेचे फेरे सहाशेवर.
आरसा थरथरायला लागला
आणि आरशातले हमूदसुद्धा.

उद्यमनगरात वडील क्रँक घासायचे.
म्हणायचे, फुकट काही फिरत नसतंय.
पट्टा कुठं गेलाय बघ,
ताकद तिकडं गेलेली असती.

बिजूनं विचारलं, भाई, थंडी बनते कशी?
बनत नाही रे.
आतली उष्णता कुणीतरी उचलून बाहेर टाकतं.
दहा घोडे चाकांकडून सोडवून
त्या हमालीला जुंपलेत.
आणि टाकलेली उष्णता पुन्हा
रेडिएटरच्याच तोंडावर.
बिजू म्हणाला, म्हणजे आपल्यासारखंच.
मी म्हटलं, पाना दे.

नवा बसवला मग. हातात मावणारा, जपानी.
लागला कधी, सुटला कधी, कळू नये असा.
आमरातचा चढ तिसऱ्यात घेईल, मी म्हणालो.
घेतलाही.

आठवड्यानं परत आले.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, चहा निवून गेला.
बिघडलंय काही?
नाही.
थंड होत नाही?
होते. खूप होते.

मग अर्धं अरबीत, अर्धं हिंदीत:
चढाच्या आधी एक वळण आहे, जुन्या टाकीपाशी.
तिथं गाडी दमायची.
तिथं झुवैना डावा हात पुढं करून
मुकय्यिफ बंद करायची. न सांगता.
काच खाली. मागं पाच पोरं, भाताचं पातेलं,
सगळे घामानं निथळत वर जायचो,
आणि वर पोचलो की तीच पुन्हा बटण दाबायची.
तीस वर्षं.
आता वळण येतं,
गाडीला कळतच नाही.

भंगारवाला गुरुवारी येतो. तो बुधवार होता.
ढिगातून बोकड ओढून काढला,
सील बदलले, तेल घातलं,
बिजू मल्याळममध्ये काहीतरी पुटपुटला,
ते मला समजलं तरी मी समजून घेतलं नाही.

चाचणीला मी शेजारी बसलो.
तिच्या जागेवर, हे बसल्यावर लक्षात आलं.
रस्ता डोंगरात शिरला. टाकी आली.
टक् नाही, ते तर आधीच लागलेलं,
पण गाडीनं खांदा पाडला,
इंजिनचा आवाज घशात उतरला,
तापमानाचा काटा लालकडे निघाला.

बटण माझ्या डाव्या हाताशी.
मी हात मांडीखाली दाबून बसलो.
ते समोर बघत होते.
काटा अजून वर.
मेकॅनिकला असं बसवत नाही,
गॅस्केट जाईल, हेड वाकेल,
हे सगळं ओठापर्यंत आलेलं.

खूप उशिरा त्यांनी स्वतःच हात पुढं केला.
बटण चाचपडलं. तीस वर्षांत त्यांना
ते नेमकं कुठं असतं हे माहीत नव्हतं.

घोडे परत आले तसे एक झटका बसला.
काच खाली. भट्टीतला वारा.
ते घामाघूम. मी घामाघूम.

वर पोचलो. पुन्हा बटण
कुणी दाबलं नाही.
बिल किती, त्यांनी विचारलं.
पट्ट्याचे तेवढे द्या, मी म्हणालो.